मोटरसायकल चालवणारीला विमान का खुणावते?

प्रश्न : माझे वय 43 आहे. विशीपासून मी मोटरसायकल चालवते आणि सुट्टी मिळाली की लांबच्या रस्त्याला लागते. अलीकडे विमानोड्डाणाचे प्रशिक्षक असलेल्या एका परिचितांनी मला छोट्या विमानातून फिरवून आणले आणि काही मिनिटे नियंत्रण माझ्या हाती दिले. वळताना विमान कलले, तेव्हा ही हालचाल आपल्या अंगाला आधीपासून ठाऊक आहे असे मला वाटले. तेव्हापासून खासगी वैमानिकाचा परवाना काढण्याचा विचार डोक्यातून जात नाही. माझे पती म्हणतात, की मला धोक्याचीच चटक लागली आहे आणि एक जीवघेणा छंद पुरेसा नव्हता म्हणून मी दुसरा शोधते आहे. त्यांचे म्हणणे खरे आहे का? या दोन गोष्टींत खरोखर काही समान आहे, की ते माझ्या मनाचे खेळ आहेत? आणि विमान शिकायचे, तर मोटरसायकल सोडावी का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या अंगाला जे ओळखीचे वाटले, ते खरोखर ओळखीचेच होते, आणि त्याचे कारण पदार्थविज्ञानात आहे. मोटारीत बसून वळण घेतले की शरीर बाहेरच्या बाजूला फेकले जाते आणि आपण दाराला किंवा पट्ट्याला टेकून स्वतःला सावरतो. मोटरसायकल आणि विमान मात्र वळणाच्या आतल्या बाजूला कलतात. हा कल वेगाला आणि वळणाच्या त्रिज्येला साजेसा असला, तर शरीरावरचा सगळा भार पाठीच्या कण्यातून सरळ आसनात उतरतो. बाजूला ढकलल्यासारखे अजिबात वाटत नाही, फक्त आपण थोडे जड झाल्यासारखे वाटते. उंची न सोडता घेतलेल्या 45 अंशांच्या वळणात हा भार सुमारे 1.4 पट होतो आणि 60 अंशांत दुप्पट होतो. रस्त्यावर तो टायर पेलतात, हवेत पंख पेलतात, पण गणित तेच राहते. विमानात वळण नेटके चालले आहे की नाही हे दाखवण्यासाठी एक वाकवलेली काचेची नळी असते. तिच्यातली गोळी मध्यावर राहिली, म्हणजे विमान बाजूला घसरत नाही असे समजायचे. मुरलेला वैमानिक ही गोष्ट त्या नळीकडे न पाहता आसनावरच्या दाबावरूनही ओळखतो, आणि नेमका तोच दाब ओळखण्याची सवय तुमच्या शरीराला विशीपासून आहे.

विमान वळवण्याचा प्रश्न दुचाकीशी संबंधित माणसांनी सोडवला, हेही मला निव्वळ योगायोग वाटत नाही. राइट बंधूंचा व्यवसाय सायकली बनवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा होता. त्यांच्या काळातल्या अनेक संशोधकांची कल्पना अशी होती, की विमान हवेत आपले आपण स्थिर राहावे आणि सुकाणूने नावेसारखे सपाट वळावे. राइट बंधूंना मात्र स्वतःहून स्थिर नसलेले, पण स्वाराच्या सततच्या लहान लहान दुरुस्त्यांनी तोल सांभाळणारे आणि कलून वळणारे वाहन अगदी स्वाभाविक वाटत होते, कारण ते रोज तसलेच वाहन चालवत होते. 17 डिसेंबर 1903 रोजी त्यांचे विमान उडाले, ते याच समजुतीच्या बळावर. त्यांचे प्रतिस्पर्धी ग्लेन कर्टिस तर मोटरसायकलींचेच कारखानदार होते. जानेवारी 1907 मध्ये त्यांनी स्वतः बनवलेल्या आठ सिलिंडरच्या मोटरसायकलवर ताशी सुमारे 219 किलोमीटर वेग गाठला. ते इंजिन मुळात हवाई वाहनांसाठी तयार केलेले होते. पुढच्याच वर्षी 4 जुलैला त्यांनी स्वतःच्या विमानातून 1 किलोमीटरहून अधिक अंतराचे जाहीर उड्डाण केले. उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीत विमानांची इंजिने बनवण्यावर बंदी आली, तेव्हा बीएमडब्ल्यूचे अभियंते माक्स फ्रिट्झ, ज्यांनी युद्धकाळात त्या कंपनीचे गाजलेले विमान-इंजिन रचले होते, त्यांनीच 1923 मध्ये तिची पहिली मोटरसायकल रचली. आजही प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या पुष्कळशा छोट्या विमानांचे आवरण उघडून पाहिलेत, तर समोरासमोर सिलिंडर असलेले, हवेने थंड होणारे साधे इंजिन दिसेल, आणि त्यातले बहुतेक भाग तुम्ही नावानिशी ओळखाल.

पण केवळ यंत्रे एकमेकांची भावंडे आहेत म्हणून माणूस त्यांच्यामागे आयुष्य वेचत नाही. या दोन्हींचे आकर्षण मोकळेपणात आहे, असे सर्रास म्हटले जाते आणि ते मला अपुरे वाटते. मोकळेपणाच हवा असेल, तर पायी भटकणे दोन्हींहून मोकळे आहे. उलट छोट्या विमानाचे उड्डाण हवामान, इंधन, विमानाचे वजन, आकाशातली निषिद्ध क्षेत्रे आणि मावळणारा दिवस अशा अनेक गोष्टींनी चहूबाजूंनी बांधलेले असते. ही दोन्ही वाहने माणसाचे संपूर्ण लक्ष मागतात आणि त्या लक्षाला ताबडतोब, खोटेपणाला जागा न ठेवता उत्तर देतात. त्यांची खरी ओढ यातच आहे, असे मी मानतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाताना दर सेकंदाला सुमारे 17 मीटर रस्ता मागे पडतो. धावपट्टीवर उतरायला निघालेले छोटे विमान दर सेकंदाला 30 मीटरच्या आसपास पुढे जात असते. एवढ्या वेळात कार्यालयातला वाद किंवा उद्याची चिंता मनात घोळवायला जागाच उरत नाही. मनगट किंचित अवघडले, तर मोटरसायकल लगेच ते दाखवते; विमान कलवणाऱ्या आणि नाक वरखाली करणाऱ्या काठीवरची पकड घट्ट झाली, तर विमान लगेच वरखाली होऊ लागते. दिवसभरातल्या आपल्या बहुतेक कामांचे फळ आठवड्यांनी, कधी वर्षांनी दिसते, आणि तेही अनेकांच्या मतांमधून गाळून. इथे मात्र अर्ध्या सेकंदात निकाल लागतो आणि तो कोणाच्याही मर्जीवर अवलंबून नसतो. हे समाधान एकदा चाखलेल्या माणसाला दुसऱ्या वाहनातही ते ओळखता येते.

नजरेचा नियमही दोन्हीकडे सारखाच आहे. वळणात स्वाराने ज्या खड्ड्याकडे टक लावावी, त्याच खड्ड्यात चाक जाते, म्हणून वळण जिथे संपते तिथे नजर ठेवायची असते. विमान धावपट्टीवर टेकवतानाही चाकांखालच्या जमिनीकडे पाहिले, तर उंचीचा अंदाज हमखास चुकतो. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्यावी लागते. चौकात येणाऱ्या वाहनाचा चालक आपल्याला पाहतच नाही असे गृहीत धरून तुम्ही चालवत असाल, तर आकाश विभागून टापूटापूने पाहण्याची वैमानिकाची सवय तुम्हाला लवकर लागेल.

आता तुमच्या पतींच्या म्हणण्याकडे वळतो. त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही, पण त्यांची भीती निराधार नाही, आणि तुम्ही ती हसण्यावारी नेऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार प्रवास केलेल्या अंतराच्या प्रमाणात मोटरसायकलस्वाराच्या मृत्यूचा संभव मोटारीतल्या माणसापेक्षा वीसपटीहून अधिक असतो. तिथेच खासगी आणि छोट्या विमानांच्या उड्डाणांत दर 1 लाख तासांमागे साधारण एक प्राणघातक अपघात होतो. विमानप्रवास सर्वांत सुरक्षित असल्याचे जे आपण ऐकतो, ते मोठ्या प्रवासी विमानांबद्दल खरे आहे; तो आकडा छोट्या विमानाला लावून घरच्यांची समजूत घालणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मात्र धोका असलेले काम आवडणे आणि धोकाच आवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो फरक बाहेरूनही ओळखता येतो. ज्याला धोक्याची चटक असते, त्याला तयारीचा कंटाळा असतो. तो टायरमधली हवा न तपासता निघतो, ढग दाटून येत असताना परत फिरायला त्याला कमीपणा वाटतो, आणि पाहणारे कोणी असले की त्याचा वेग वाढतो. तुम्ही निघण्यापूर्वी साखळीचा ताण, ब्रेक, तेल आणि दिवे पाहता का, आणि ते पाहताना तुम्हाला बरे वाटते का, की ते उरकून टाकावेसे वाटते? या प्रश्नाचे उत्तर स्वतःशी द्या. छोट्या विमानाच्या प्रत्येक उड्डाणापूर्वी वैमानिक त्याला संपूर्ण फेरी मारतो, पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या पट्ट्या हाताने हलवून पाहतो, तेलाची पातळी मोजतो, टाकीतून थोडे इंधन काचेच्या भांड्यात काढून त्यात पाणी उतरले आहे का ते उजेडात धरून पाहतो, आणि मग छापील यादी वाचत एकेक कळ तपासतो. ही यादीची शिस्त 1935 मधल्या एका अपघातानंतर रुजली. बोइंगचे नवे मोठे बॉम्बफेकी विमान चाचणीच्या उड्डाणात कोसळले, कारण जमिनीवर असताना नियंत्रक पट्ट्या अडकवून ठेवणारी कळ अनुभवी वैमानिकाकडून सोडवायची राहून गेली होती. ज्याला ही तपासणी म्हणजे आनंदाआधीची कटकट वाटते, त्याने उडायला शिकू नये, असे मी स्पष्टच सांगेन. तुम्हाला ती आनंदाचाच भाग वाटत असेल, तर पतींचे निदान चुकले आहे.

याच संदर्भात हॅरी हर्ट या अमेरिकी अभियंत्याची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण तुमच्या प्रश्नातली दोन्ही टोके त्यांच्या एकट्याच्या कामात जुळलेली आहेत. अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांसाठी वायुगतिशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिणारे हे गृहस्थ स्वतः मोटरसायकल चालवत, आणि 1981 मध्ये मोटरसायकल अपघातांचा जो सखोल अहवाल प्रसिद्ध झाला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाला होता. विमान कोसळले की तपास पथक जागेवर जाऊन कारणांची साखळी शोधते. त्याच चिकाटीने त्यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यास केला. दुसरे वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत त्या वाहनाच्या चालकाने मोटरसायकलचा अग्रहक्क मोडला होता. अपघातात सापडलेल्या स्वारांपैकी 92 टक्के स्वतःच किंवा मित्र-नातलगांकडून शिकलेले होते. प्राणघातक अपघातांपैकी जवळपास निम्म्यांत दारूचा संबंध होता. आणि धोका लक्षात आल्यापासून धडक होईपर्यंत स्वाराला सामान्यतः 2 सेकंदांहूनही कमी वेळ मिळाला होता.

त्या शेवटच्या आकड्यात या दोन धोक्यांमधला फरक दडलेला आहे. रस्त्यावरचा धोका बहुधा दुसऱ्याच्या चुकीतून, क्षणात येतो. छोट्या विमानाचा धोका बहुधा वैमानिकाच्या स्वतःच्या निर्णयातून, हळूहळू आणि कधी कधी तर आदल्या रात्रीपासून तयार होत येतो. 1954 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. निव्वळ उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या 20 जणांना, बाहेरचे काहीच दिसणार नाही अशा स्थितीत, सुरक्षितपणे विमान चालवायला सांगितले गेले, आणि त्या सर्वांचा ताबा सुटला. ताबा सुटायला सरासरी 178 सेकंद लागले. ढगात शिरल्यावर काय करावे, याहून ढगाकडे जावे की नाही हा प्रश्न नवशिक्या वैमानिकासाठी कितीतरी मोठा आहे, आणि त्याचा विचार करायला जमिनीवर भरपूर वेळ मिळतो. मोटरसायकलवर पाऊस आला, तर तुम्ही कडेला थांबता. आकाशाला कडा नाही. स्वाराला विमान शिकताना मनात पक्की बसवावी लागणारी पहिली गोष्ट हीच आहे.

दुसरी गोष्ट हातांची आहे. मोटरसायकल डावीकडे कलवायची, तर वेगात असताना हँडलची डावी बाजू हलकेच पुढे ढकलावी लागते. तुम्ही हे नकळत करत असाल. विमानात तसे चालत नाही: काठी डावीकडे नेली की विमान डावीकडे कलते, पण त्याच वेळी त्याचे नाक क्षणभर उजवीकडे सरकू पाहते आणि ते पायांनी, सुकाणूच्या पेडलने सावरावे लागते. मोटरसायकलवर पाय गिअर आणि ब्रेकपुरते असतात, त्यामुळे स्वारांचे पाय विमानात बराच काळ निष्क्रिय राहतात. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारे नियंत्रण, तोही फसवतो. रस्त्यावर तो वाढवला की वेग वाढतो. विमानात तो वाढवला की मुख्यतः चढ मिळतो, आणि वेग नाकाच्या वर-खाली असण्यावर ठरतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर थोडा अधिक वेळ घेतो. समजा तुम्ही वळणात अपेक्षेपेक्षा जास्त वेगाने शिरलात. अशा वेळी चांगला स्वार घाबरून ब्रेक आवळत नाही. तो नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवतो आणि मोटरसायकल आणखी कलवतो, कारण टायरमध्ये बहुधा त्याच्या धैर्यापेक्षा जास्त पकड शिल्लक असते. वर्षानुवर्षांच्या सरावाने ही प्रतिक्रिया तुमच्या अंगात भिनलेली असणार, आणि रस्त्यावर ती तुमचा जीव वाचवते. आता विमान उतरायला आले आहे, उंची कमी आहे, वेग कमी आहे, आणि धावपट्टीच्या रेषेत येणारे शेवटचे वळण थोडे उशिरा सुरू झाल्यामुळे विमान रेषेच्या पलीकडे जाऊ लागले आहे. स्वाराचे अंग सांगते, की आणखी कलव आणि वळण आवळ. इथे ते ऐकायचे नाही. सरळ उडताना ज्या विमानाचे पंख ताशी 80 किलोमीटरपर्यंत उचल देत राहतात, त्याचेच पंख उंची राखून घेतलेल्या 45 अंशांच्या वळणात ताशी सुमारे 95 लाच उचल सोडतात आणि 60 अंशांत ताशी 113 च्या आसपास. जमिनीजवळ पंखांनी उचल सोडली, त्यातच सुकाणूचा वापर चुकला, तर विमान गिरकी घेते आणि सावरायला उंची उरत नाही. वैमानिकाचे योग्य उत्तर म्हणजे वळण आवळायचे नाही, पंख सरळ करायचे, पूर्ण शक्ती द्यायची आणि वर चढून पुन्हा पहिल्यापासून यायचे. चुकलेले वळण सोडून देऊन ते नव्याने घेण्याची ही मुभा रस्त्यावर कधीच मिळत नाही, आणि म्हणूनच ती वापरायची आठवण स्वाराला ऐन वेळी होत नाही. पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांना सांगा, की तुम्ही जुन्या मोटरसायकलस्वार आहात, आणि सुरक्षित उंचीवर, कमी वेगात कललेल्या विमानाचे पंख कसे उचल सोडतात हे त्यांच्याकडून लवकर आणि पुन्हा पुन्हा करवून घ्या.

मोटरसायकल सोडावी का? केवळ विमान शिकायचे आहे म्हणून सोडू नका. तिने दिलेली नजर, हलका हात आणि इंजिनाच्या आवाजातला बदल टिपणारा कान या गोष्टी विमानात तुमच्या उपयोगी पडतील, आणि विमानातली यादीची शिस्त तुम्ही मोटरसायकलकडे आणलीत, तर तीही अधिक सुरक्षित होईल. वेळेची ओढाताण मात्र खरी आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार खासगी परवान्यासाठी साधारणतः किमान 40 तासांचे उड्डाण लागते, प्रत्यक्षात बहुतेकांना त्याहून बरेच जास्त लागते, आणि आठवड्यात दोन-तीनदा उडणारा विद्यार्थी महिन्यातून एकदा येणाऱ्यापेक्षा कितीतरी कमी तासांत तयार होतो, कारण मधल्या खंडात शिकलेले विसरले जाते. त्यामुळे शिकण्याच्या वर्षात लांबच्या सफरी कमी करा. त्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. दृष्टी, हृदय किंवा चालू असलेले एखादे औषध यांमुळे परवाना अडणार असेल, तर ते पैसे गुंतवण्यापूर्वी कळलेले बरे.

आणि पतींशी बोलताना आकडे पुढे करू नका. तुम्ही कोणत्या गोष्टी करणार नाही, हे कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा: किती वाऱ्यात उडणार नाही, ढग किती खाली आले की निघणार नाही, इंधन किती उरले की पुढे जाणार नाही, झोप अपुरी झाली असेल किंवा घरात भांडण झाले असेल तर दोन्हींपैकी कोणत्याही वाहनाला हात लावणार नाही. जाणते वैमानिक अशा स्वतःच्या मर्यादा लिहून ठेवतात आणि त्या कायद्याच्या मर्यादेपेक्षा कडक ठेवतात. त्या मर्यादा ठरवताना पतींचे मत घ्या आणि त्यांनी सुचवलेली एखादी अट रास्त वाटली तर ती स्वीकारा. त्यानंतर एकदा त्यांना धावपट्टीवर सोबत न्या, आणि प्रशिक्षकांबरोबर तुम्ही विमानाला फेरी मारून तपासणी करता ती त्यांना जवळून पाहू द्या. उड्डाणात सोबत येण्याचा आग्रह त्या दिवशी धरू नका. त्यांना प्रशिक्षकांना जे विचारायचे असेल, ते तुमच्या अनुपस्थितीत विचारण्याची मोकळीक द्या.

त्यानंतरही त्यांचा विरोध राहिला, तर तो कशाला आहे हे नेमके विचारा. तुम्ही गमावल्या जाल या भीतीला असेल, तर विम्याची आणि घरच्या जबाबदाऱ्यांची व्यवस्था आधी लावून मगच प्रशिक्षण सुरू करा. तुमचा उरलासुरला वेळही आता आकाशाकडे जाणार, या दुःखाला असेल, तर त्यांची तक्रार विमानाबद्दल नाही, आणि तिचे उत्तर परवान्याच्या निर्णयाआधी द्यायला हवे.